गिलबर्ट वॉकर : घारींकडे बघणारा वेधशाळेचा साहेब



पुण्यात शिवाजीनगरला एका चौकाला सगळे सिमला ऑफिस म्हणतात. आता सिमला तर पार हिमालयात. मग त्या नावाचं ऑफिस पुण्यात कसं आलं, हे मला कोडंच होतं. गुरुजींना विचारलं तेव्हा कळलं, की ती हवामान खात्याची वेधशाळा आहे. हे खातं पूर्वी सिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्यात आलं आणि येताना गावाचं नावही घेऊन आलं. सिमल्याला असताना त्या खात्याचे जे मोठे साहेब होते, त्यांची माहिती मी या भित्तिपत्रकासाठी लिहीत आहे. त्यांचे नाव सर गिलबर्ट वॉकर. साहेब इंग्रज होते, पण त्यांचे काम आपल्या पावसाशी आणि आपल्या डोक्यावर फिरणाऱ्या घारींशी जोडलेले आहे.

गिलबर्ट वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल या गावी झाला. लहानपणापासून त्यांना गणिताची आणि फिरणाऱ्या वस्तूंची फार आवड. भोवरा उभा कसा राहतो, पडत का नाही, असल्या गोष्टींत त्यांचे डोके चाले. पुढे ते केंब्रिजला शिकायला गेले आणि १८८९ साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. पण अभ्यास इतका केला की तब्येत बिघडली. मग विश्रांतीसाठी त्यांना स्वित्झर्लंडला जावे लागले. तिथे ते बर्फावरून घसरत जायला शिकले, म्हणजे आजारपणातही स्वस्थ बसले नाहीत.

केंब्रिजमध्ये त्यांना एक वेगळाच नाद होता. ऑस्ट्रेलियातले आदिवासी बूमरँग नावाचे वाकडे लाकूड फेकतात आणि ते फिरून परत येते. वॉकर नदीकाठच्या हिरवळीवर जाऊन ते फेकत बसत, आणि घरी येऊन ते परत का आले याचे गणित मांडत. मित्र त्यांना बूमरँग वॉकर म्हणू लागले. गणितात पहिला आलेला माणूस लाकडं फेकतोय म्हटल्यावर लोक हसणारच. पण हवेत वस्तू कशी तरंगते, याचा विचार त्यांच्या डोक्यात तिथेच शिरला असावा, असे मला वाटते.

१९०४ साली ते भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्र ते कधी शिकलेले नव्हते. तरी सरकारने त्यांना नेमले, कारण सरकारला गणिती माणूस हवा होता. १८७७ आणि १८९९ या दोन्ही साली मॉन्सूनने दगा दिला होता आणि देशात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. पाऊस येणार की नाही हे आधी कळले, तर धान्याची काही सोय करता येईल. आधीच्या साहेबांनी हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधून पाहिला होता, तो दरवेळी जमत नव्हता. ही जबाबदारी वॉकर यांच्यावर आली.

हे काम चालू असताना त्यांचे लक्ष आकाशातल्या पक्ष्यांकडे गेले. आपल्याकडे उन्हाळ्यात रोज दिसते तेच बघा. सकाळी घार झाडावर नाहीतर खांबावर गप्प बसलेली असते. नऊ-दहा वाजता, ऊन तापले की ती उठते, दोन-चार वेळा पंख मारते आणि मग पंख पसरून गोल गोल फिरत वर वर जाते. पंख हलवत नाही, तरी चढते! ही शक्ती येते कुठून? त्या काळी मोठमोठ्या विद्वानांनाही याचे उत्तर सापडत नव्हते. आग्र्याला हँकिन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी घारी आणि गिधाडे रोज पाहून १९१३ साली मोठे पुस्तक लिहिले. सकाळी हलकी घार आधी वर जाते आणि जड गिधाड नंतर, हेसुद्धा त्यांनी टिपले होते. पण त्यांना वाटे, उन्हामुळे हवेत काहीतरी गूढ शक्ती येते.

वॉकर यांनी गणित करून पाहिले. त्यांचे म्हणणे असे, की गूढ काही नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि पक्षी तिच्यावर बसून वर जातो. याविषयी त्यांनी १९२३ साली निबंध लिहिला.

हे आपल्या गावच्या भाषेत सांगतो. जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. नांगरलेलं काळं रान, मुरमाड माळ, डांबरी रस्ता लवकर तापतो. शेजारचा पाणी दिलेला ऊस थंड राहतो. तापलेल्या रानावरची हवा फुगते, हलकी होते आणि बुडबुड्यासारखी सुटून वर जाते. चैत्र-वैशाखात बेल्ह्या-आळ्याकडच्या माळावर वावटळ उठते, पाचोळा गरगरत वर जातो, तीसुद्धा अशीच वर चढणारी हवा; धुळीमुळे आपल्याला दिसते एवढंच. वर गेल्यावर हवा थंड होते, तिच्यातल्या वाफेचे पाणी होते आणि कापसाच्या ढिगासारखा ढग तयार होतो. म्हणून दुपारी असा ढग दिसला, की त्याच्याखाली हवा वर चढत असण्याचा संभव असतो.

आता घार तर खाली घसरत असते, मग वर कशी जाते? विहिरीतून रहाटाने बादली वर ओढताना दोरावरून एक मुंगी खाली चालली आहे असे समजा. मुंगी खालीच चालते, पण दोर तिच्यापेक्षा वेगाने वर येतो, म्हणून मुंगीपण वर येते. चांगले ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, सेकंदाला एक मीटरपेक्षाही कमी खाली येते. तापलेली हवा सेकंदाला दोन-तीन मीटर वर चढत असली, तर ग्लायडर तिच्याबरोबर वर जाणारच. फक्त तो वरचा झोत सोडायचा नाही, म्हणून गोल फिरायचे. झोताच्या बाहेर हवा खाली येत असते, तिथे गेले तर उंची जाते.

दुसरी एक वर जाणारी हवा आपल्या नाणेघाटात आहे. कोकणातून आलेला वारा कड्यावर आपटतो आणि सरळ वर वळतो. पावसाळ्यात तिथे धबधब्याचे पाणी उलटे वर उडते, ते पुष्कळांनी पाहिले असेल. सुरुवातीचे ग्लायडरवाले अशाच डोंगराच्या वाऱ्यावर उडत. डोंगर सोडला की खाली यावे लागे. सपाट मुलखावर घारीसारखे चढता येते, हे त्यांना उशिरा कळले. १९२८ साली रॉबर्ट क्रोनफेल्ड या वैमानिकाने जर्मनीत ढगाखालच्या हवेवर चढून दाखवले. त्याच्याजवळ वर जातो की खाली हे सांगणारे यंत्र होते. आपल्या घारीला ते लागत नाही.

गिधाडांविषयी जाता जाता लिहितो. वॉकर यांच्या काळी गिधाडे ढिगाने होती. आमची आजी सांगते, मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की घटकाभरात आभाळ भरून यायचं. पुढे जनावरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळे ती मेली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद केले, पण मी अजून एकही गिधाड पाहिलेले नाही.

आता पावसाकडे येतो. वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे, पावसाचे आणि तापमानाचे आकडे गोळा केले. त्या वेळी कॉम्प्युटर नव्हता. ऑफिसातले भारतीय कारकून हाताने बेरजा-गुणाकार करत. असे हजारो हिशेब झाल्यावर एक गोष्ट दिसली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर कमी होतो, आणि तिकडे कमी झाला की इकडे वाढतो. बागेतल्या सी-सॉसारखे. आपल्या पावसाचा या हेलकाव्याशी संबंध आहे, असे त्यांनी सांगितले. पण असे का होते, ते त्यांना सांगता येईना. अंदाजही काही वर्षी बरोबर येत, काही वर्षी चुकत. हजारो मैलांवरच्या हवेचा हिंदुस्थानच्या पावसाशी काय संबंध, अशी शंका पुष्कळांनी घेतली.

याच काळात, १९१३ साली, ते मद्रासला गेले होते. तिथे पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाची गणिताची वही त्यांना दाखवण्यात आली. त्यांनी लगेच विद्यापीठाला पत्र लिहून त्याची शिफारस केली आणि त्या कारकुनाला महिना ७५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. साहेबाचे हे काम मला सर्वांत आवडले.

१९२४ साली वॉकर निवृत्त झाले आणि लंडनला प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांकडून प्रयोग करवले. पेटीत धूर भरून खालून गरम करायचा आणि हवा कशी वर चढते, ढगांच्या ओळी कशा होतात ते पाहायचे. ग्लायडरची त्यांना फार गोडी होती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र निघाले. जमिनीवरच्या यंत्राने तार ओढून ग्लायडर पतंगासारखे वर चढवत, आणि तार सुटली की पुढे तापलेल्या हवेचा शोध.

४ नोव्हेंबर १९५८ रोजी वॉकर वारले. त्यांच्यावर जो मृत्युलेख आला, त्यातसुद्धा त्यांच्या पावसाच्या कामातून फारसे काही निघेल असे दिसत नाही, असाच सूर होता. नव्वद वर्षांच्या आयुष्यात त्यांना उत्तर मिळाले नाही.

ते अकरा वर्षांनी मिळाले. १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवले, की पॅसिफिकच्या पश्चिमेला समुद्र गरम असतो, तिथली हवा वर चढते आणि पूर्वेला थंड समुद्रावर खाली येते. मधला समुद्र तापला की हे चक्र बिघडते, त्याला आपण एल निनो म्हणतो. या चक्राला ब्यर्कनेसनी वॉकर यांचे नाव दिले. एल निनो आला की दरवेळी दुष्काळ पडतोच असे नाही. १९९७ साली तो मोठा होता तरी देशात पाऊस बरा झाला. पण १९७२ साली एल निनोही होता आणि महाराष्ट्रात पाऊसही नव्हता. आमचे आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे होते. ते पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात आणि तिथे मिळालेली सुकडी धाकट्या भावंडांसाठी घरी आणत.

– इयत्ता ७ वी