गज खाली ठेवणारा वादक

आमच्या वाड्यात आजोबांनी मुंबईहून आणलेल्या विलायती तबकड्यांचा एक गठ्ठा होता. दसऱ्याला त्या पुसून ठेवण्याचे काम माझ्याकडे असे. त्यांत पाब्लो कासाल्सच्या चार-पाच होत्या. सेलो हा व्हायोलिनचा थोरला भाऊ; बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचा. त्याचा खर्ज ऐकला की आपल्या कानाला सारंगी आठवते. कला ही शांततेची दूत असते, असे आपण समारंभांतून पुष्कळदा ऐकतो. ते ऐकताना मला हटकून हा बुटका, टक्कल पडलेला वादक आठवतो. कारण शांततेसाठी त्याने जे केले त्यातला मोठा भाग न वाजवण्याचा होता.

त्याचा जन्म स्पेनमधील कातालोनिया प्रांतात, व्हेंद्रेल गावी, २९ डिसेंबर १८७६ रोजी झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. कातालान भाषेत त्याचे नाव पाऊ, आणि त्याच भाषेत पाऊ म्हणजे शांतता. हा योगायोगच म्हणायचा. तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्याच्या हाती बाखच्या सहा सेलो-रचनांची प्रत आली. त्या काळी त्या कोरड्या रियाजाच्या मानल्या जात. त्याने त्या बारा वर्षे घोटल्या आणि मगच मैफलीत मांडल्या. तालमीची किंमत जाणणाऱ्या आपल्या मंडळींना याचे नवल वाटू नये.

कीर्ती आणि पैसा मिळाल्यावर त्याने १९२० साली बार्सिलोनात स्वतःच्या खर्चाने वाद्यवृंद उभा केला, पुढे कामगारांसाठी मैफली सुरू केल्या. १८ जुलै १९३६ च्या संध्याकाळी बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू असता निरोप आला, की लष्कराने बंड केले आहे, शहरावर केव्हाही हल्ला होईल, सर्वांनी घरी जावे. कासाल्सने वादकांना विचारले, निरोप घेण्यापूर्वी शेवटचा भाग वाजवायचा का? सर्वांनी तो वाजवला. माणसे एकमेकांची भाऊ आहेत असे सांगणारा तो भाग. मग वाद्ये पेटीत गेली. आमच्या घरच्या तबकड्या त्यानंतरच्या तीन वर्षांतल्या, लंडन आणि पॅरिसला ध्वनिमुद्रित झालेल्या. म्हणजे मायदेशी यादवी पेटलेली असताना हा माणूस परक्या खोलीत बसून बाख वाजवीत होता. हे कळल्यापासून मी त्या वेगळ्या कानांनी ऐकतो.

१९३९ मध्ये फ्रँको जिंकला. कासाल्स सीमेपलीकडे, फ्रान्समधील प्राद या लहान गावी राहू लागला आणि छावण्यांतल्या स्पॅनिश निर्वासितांसाठी पैसे, कपडे, अन्न गोळा करू लागला. हिटलर आल्यावर १९३३ सालीच त्याने जर्मनीत वाजवण्याचे नाकारले होते. युद्धकाळात जर्मन अधिकारी त्याच्या दारी आमंत्रण घेऊन आले, तेव्हाही उत्तर तेच. युद्ध संपल्यावर त्याला वाटले, की आता दोस्तराष्ट्रे फ्रँकोलाही घालवतील. तसे झाले नाही. मग त्याने जाहीर मैफली बंद केल्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मानद पदव्याही नाकारल्या.

खरे सांगायचे तर तरुणपणी मला याचा राग येई. लंडनच्या रसिकाने काय गुन्हा केला होता? फ्रँकोची खुर्ची तर हललीही नाही. आपण संस्थानी गावातली माणसे. राज्यकर्ता कोणीही असो, गवयाने गावे, ही आपली रीत. पण आता वाटते, की गोड स्वरांनी सत्तेला शोभा येते हे त्याने ओळखले होते, आणि ती शोभा त्याला विकायची नव्हती.

१९५० मध्ये बाखच्या निधनाला दोनशे वर्षे झाली. अलेक्झांडर श्नायडर या व्हायोलिनवादकाने तोड काढली : कासाल्स जगाकडे जात नसेल तर जगाने प्रादला यावे. देशोदेशीचे वादक तेथल्या चर्चमध्ये जमले, आणि तो पुन्हा वाजवू लागला. २४ ऑक्टोबर १९५८ रोजी तो संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात वाजवला. १९६२ पासून ख्रिस्तजन्मावरील आपली ‘एल पेसेब्रे’ ही रचना घेऊन तो शांततेसाठी शहरोशहरी फिरला. १३ नोव्हेंबर १९६१ रोजी केनेडींच्या व्हाइट हाउसमध्येही वाजवले. अमेरिकेने फ्रँकोला मान्यता दिलेली होती. तेव्हा हा व्रतभंग नव्हे काय? टीका झाली. मलाही तो गुंता सुटलेला नाही. केनेडीवरचा त्याचा विश्वास खरा होता, एवढे दिसते.

१९७१ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांनी त्याला शांतता-पदक दिले. त्या दिवशी त्याने आपल्या प्रांतातली पक्ष्यांच्या गाण्याची लोकधून वाजवली, आणि सांगितले, की आमच्याकडचे पक्षी उडताना पाऊ, पाऊ म्हणतात.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजी पोर्तो रिकोत तो वारला. फ्रँको त्याच्यानंतर दोन वर्षे जगला. १९७९ साली कासाल्सचे अवशेष व्हेंद्रेलला आणून पुरण्यात आले.