क्षयजंतूचा शोध लावणारे डॉ. रॉबर्ट कॉख

ज्या घरी क्षयाचा रोगी असतो त्या घरात दोन दुःखे नांदतात. एक रोगाचे व दुसरे लपवालपवीचे. खोकला महिनोन् महिने चालतो, संध्याकाळी अंगात कसर येते, शरीर झडत जाते. तरी शेजाऱ्यांस साधे पडसे आहे असेच सांगितले जाते. घरात उपवर मुलगी असली तर रोगाचे नावही कोणी उच्चारीत नाही. हा रोग कुळात उतरतो, किंवा कोणाच्या तरी पापाचे फळ म्हणून येतो, ही समजूत ह्या लाजेच्या मुळाशी आहे. ही समजूत ज्यांच्या श्रमांनी खोटी ठरली त्या पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांच्या हातून एक फार मोठे कार्य झाले आणि एक फार मोठी चूकही झाली. दोहोंपासून शिकण्याजोगे आहे, म्हणून आम्ही दोन्ही सांगणार आहो.

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ता. ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीत, हार्त्स डोंगरातील क्लाउस्टाल नावाच्या खाणींच्या गावी झाला. वडील खाणीवर अधिकारी होते. आईबापांस तेरा मुले झाली, त्यांत रॉबर्ट तिसरा. वयाच्या पाचव्या वर्षी, कोणी न शिकविता, तो वर्तमानपत्रावरून वाचावयास शिकला, असे सांगतात. सन १८६२ मध्ये तो ग्यॉटिंगेन येथील विद्यापीठात गेला व पुढे वैद्यकीचा अभ्यास करून सन १८६६ मध्ये डॉक्टर झाला. तेथे हेन्ले नावाचे गुरु त्यास लाभले. संसर्गाने पसरणारे रोग डोळ्यांस न दिसणाऱ्या सजीवांपासून होत असावे, असे मत हेन्ले यांनी सन १८४० मध्येच मांडले होते. परंतु ते सिद्ध कोणी केले नव्हते.

फ्रान्स व जर्मनी यांच्या युद्धात सैन्याची शुश्रूषा करून आल्यावर, सन १८७२ मध्ये कॉख यांस वोल्श्टाइन येथे जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा मिळाली. हे लहानसे गाव आज पोलंड देशात आहे. तेथे ना प्रयोगशाळा होती, ना ग्रंथसंग्रह. त्यांच्या पत्नीने वाढदिवसानिमित्त दिलेले एक सूक्ष्मदर्शक यंत्र मात्र त्यांच्याजवळ होते. रोगी तपासावयाच्या खोलीत एक पडदा लावून त्यांनी त्याच्या आड आपले काम आरंभिले. त्या भागातील गुरेमेंढरे फाशी नावाच्या रोगाने पटापट मरत. हाच रोग मनुष्यास झाला म्हणजे आपण त्यास काळपुळी म्हणतो. मेलेल्या जनावरांच्या रक्तातील काडीसारखे जंतु कॉख यांनी शरीराबाहेर वाढविले, ते उंदरांस टोचले, व तोच रोग उत्पन्न करून दाखविला. हे जंतु कठीण कवचाचे बीज बनवून मातीत वर्षानुवर्षे टिकतात, हेही त्यांनी पाहिले. एकाच कुरणावर पुनः पुनः गुरे का मरतात याचा उलगडा त्यामुळे झाला. सन १८७६ मध्ये त्यांनी हे काम ब्रेस्लाउ येथील पंडितांस प्रत्यक्ष दाखविले. खेड्यातला एक अनोळखी डॉक्टर एका दिवसात नावारूपास आला, व सन १८८० मध्ये सरकारने त्यांस बर्लिनास बोलाविले.

बर्लिनात त्यांनी क्षयाकडे लक्ष वळविले. त्या काळी युरोपात सात मनुष्य मेले तर त्यांतील एक क्षयाने मेलेला असे, असा हिशेब खुद्द कॉख यांनीच मांडला आहे. हा रोग टोचून दुसऱ्या प्राण्यास देता येतो हे व्हिलमँ नावाच्या फ्रेंच वैद्याने सन १८६५ मध्ये सशांवर प्रयोग करून दाखविले होते. पण बहुतेक विद्वानांस ते पटले नव्हते. रोगाचे कारण कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते, हेच त्याचे कारण.

दिसणे कठीणच होते. क्षयाचा जंतु इतका लहान आहे की, सुमारे दोन हजार जंतु टोकास टोक लावून मांडले तर एका तांदळाच्या दाण्याएवढी लांबी होईल. शिवाय त्याच्या अंगावर मेणासारखे आवरण असल्यामुळे नेहमीचा रंग त्यावर चढत नाही. कॉख यांनी निळ्या रंगात क्षार मिसळून रोगट भागाचे पापुद्रे दीर्घकाळ बुडवून ठेवले, मग त्यांवर तपकिरी रंग चढविला. तेव्हा तपकिरी पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकड्या निळ्या काड्या उठून दिसल्या.

पाहिल्याने काम पुरे होत नव्हते. जंतु शरीराबाहेर वाढवावयाचा होता. इतर जंतु एका रात्रीत वाढतात. ह्या जंतूस एकाचे दोन होण्यास सुमारे एक दिवस लागतो. कॉख यांनी जनावराच्या रक्तातील पिवळसर पाणी तापवून थिजविले, त्यावर रोगट कण पसरले, व नळ्या शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेविल्या. आठवडा गेला तरी काही दिसेना. दुसरा कोणी असता तर त्याने नळ्या फेकून दिल्या असत्या. कॉख थांबले, आणि दुसऱ्या आठवड्यात कोरड्या खपल्यांसारखे ठिपके उमटले. ते जंतु पिढ्यान् पिढ्या वेगळे वाढवून गिनीपिगांस टोचले, तेव्हा त्यांस क्षय झाला, व त्यांच्या शरीरात पुनः तेच जंतु सापडले.

ता. २४ मार्च १८८२ च्या संध्याकाळी बर्लिन येथील एका लहान सभागृहात त्यांनी हे सर्व वाचून दाखविले. ते वक्ते नव्हते. मंद व अडखळत बोलत. परंतु टेबलांवर सूक्ष्मदर्शक यंत्रे व दोनशेहून अधिक नमुने मांडून ठेविले होते. ज्यास शंका असेल त्याने डोळ्यांनी पाहावे. भाषण संपल्यावर कोणीही प्रतिवाद केला नाही. श्रोत्यांमध्ये पाउल एर्लिख हे तरुण डॉक्टर होते. जंतु रंगविण्याची अधिक चांगली रीत त्यांनी लवकरच शोधून काढली, व तीच सुधारून पुढे बेडका तपासण्याची पद्धत निघाली. ती आजही दवाखान्यांतून चालते.

पुढे कॉख यांची कीर्ति वाढत गेली. महामारीच्या शोधार्थ ते सन १८८३ मध्ये मिसर देशास व तेथून कलकत्त्यास गेले, आणि तेथील तळ्यांच्या पाण्यात व रोग्यांच्या आतड्यांत त्यांस महामारीचा जंतु आढळला. सन १८९७ मध्ये मुंबईत प्लेगाने कहर केला असता जर्मन सरकारच्या मंडळाबरोबर ते मुंबईसही आले होते.

आता त्यांच्या चुकीकडे वळू. सन १८९० च्या ऑगस्टात बर्लिन येथे सर्व देशांच्या वैद्यांची परिषद भरली. तेथे कॉख यांनी, क्षयजंतूंची वाढ थांबविणारा पदार्थ आपणास सापडला आहे, असे जाहीर केले. प्रयोग मुख्यतः गिनीपिगांवर झाले होते, आणि मनुष्यावरील अनुभव फार थोडा होता. नोव्हेंबरात अधिक तपशील प्रसिद्ध झाला. पण औषध कशाचे केले आहे हे त्यांनी गुप्त ठेविले. मग काय विचारावे! देशोदेशींचे मरणोन्मुख रोगी आगगाड्यांतून बर्लिनास लोटले. इंग्लंडातील कादंबरीकार आर्थर कॉनन डॉइल हे स्वतः वैद्य होते; तेही पाहावयास गेले, व इतक्यात भरवसा धरू नये असा इशारा त्यांनी लिहून दिला. तो खरा ठरला. कित्येक रोग्यांस टोचल्यावर भयंकर ताप भरला, काहींचा रोग बळावला, काही मेले. ज्येष्ठ वैद्य फिर्शो यांनी मृतांची शरीरे तपासून, औषधाने जंतु मेले नाहीत असे दाखविले. सन १८९१ च्या जानेवारीत औषधाचे स्वरूप उघड झाले. तो क्षयजंतूंचाच ग्लिसरिनात काढलेला अर्क होता. ज्या पुरुषाने एका नळीसाठी दोन आठवडे धीर धरिला, त्यासच हजारो रोग्यांच्या बाबतीत धीर धरवला नाही. ज्याने सन १८८२ मध्ये सर्व काही टेबलावर उघडे मांडले, त्यानेच सन १८९० मध्ये झाकून ठेविले. विद्या तीच होती. फरक इतकाच की एकदा तिने परीक्षा मागितली, व दुसऱ्या वेळी विश्वास मागितला.

तो अर्क मात्र वाया गेला नाही. त्यानेच त्वचेवर चाचणी करून, शरीरात क्षयजंतु शिरले आहेत किंवा नाहीत हे ओळखण्याची रीत पुढे पिर्के व मांतू यांनी बसविली. गाईच्या क्षयापासून मनुष्यास फारसे भय नाही, असे जे मत कॉख यांनी सन १९०१ मध्ये लंडन येथे दिले, तेही चुकीचे ठरले. रोगट गाईच्या कच्च्या दुधातून मुलांस क्षय होतो हे इंग्लंडातील चौकशीने सिद्ध केले. म्हणून दूध उकळूनच द्यावे.

सन १९०५ मध्ये कॉख यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी केलेल्या भाषणात त्यांनी जे सांगितले ते आज आमच्या खेड्यांस फार उपयोगी आहे. सर्वच क्षयरोगी दुसऱ्यास रोग देत नाहीत. ज्यांच्या बेडक्यातून जंतु बाहेर पडतात त्यांच्यापासूनच मुख्य धोका. आणि तोही परिस्थितीवर अवलंबून असतो. स्वच्छता पाळणाऱ्या, उजेडाच्या व मोकळ्या हवेच्या घरात राहणाऱ्या रोग्यापासून भय थोडे. अंधाऱ्या, कोंदट खोलीत दाटीने निजणाऱ्या कुटुंबात भय मोठे. औषधे निघण्यापूर्वीच युरोपात क्षय कमी होऊ लागला होता, त्यात चांगल्या घरांचा व पोटभर अन्नाचा वाटा होता.

ता. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे हृदयविकाराने कॉख यांचा अंत झाला. ज्या औषधाची त्यांनी घाई केली ते त्यांस पाहावयास मिळाले नाही. सन १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, सन १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. एकेकटे औषध दिले तर जंतु त्यास दाद देईनासे होतात, असा अनुभव येताच दोनतीन औषधे एकत्र देण्यात येऊ लागली. सन १९५६ पासून मद्रासेत झालेल्या चाचणीत आढळले की, रोग्यास घरी ठेवून औषध दिले तरी तो आरोग्यभवनातील रोग्याप्रमाणेच बरा होतो, व घरच्यांस त्यामुळे अधिक बाधा होत नाही. त्याच दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे क्षयाच्या खोल्यांतील हवा गिनीपिगांकडे सोडून पाहिली, तेव्हा त्या हवेनेच त्यांस रोग लागला. म्हणजे क्षय श्वासाच्या वाटेने येतो. ताट, तांब्या व अंथरूण यांच्या वाटेने नव्हे.

वाचकहो, इतके ज्ञान हाती असूनही सन २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लक्ष लोकांस क्षय झाला, साडेबारा लक्ष मेले, आणि रोग्यांपैकी चौथा हिस्सा आपल्याच देशातला होता. जंतु सापडला, औषध सापडले. उरली आहे ती आपली लाज. सुनेचे ताट वेगळे करून तिला माहेरी धाडल्याने कोणाचेही रक्षण होत नाही. खिडकी उघडल्याने होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. तेथे तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. खोकताना तोंडावर फडके धरावे. औषध साधारणतः सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडू नये, कारण मंद वाढणारा हा जंतु मरतोही मंद. जो धीर कॉख यांनी त्या नळ्यांपाशी धरिला, तोच धीर रोग्यास व त्याच्या घरच्यांस धरावयाचा आहे. आणि जी गोष्ट त्यांनी टेबलावर उघडी मांडली, ती आपणही घरात झाकून ठेवू नये.