मांडवीकाठचा डच कारकून : यान हाउखेन फान लिन्सखोतेन

आगमनाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत इकडे आलेल्या मराठी माणसांच्या आठवणी असणारच. पण याच वाटेने उलट दिशेला, म्हणजे हॉलंडमधून आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर, नोकरीसाठी गेलेल्या एका तरुणाचे चरित्रही आपण माहीत करून घ्यायला हवे. परक्या शहरात तो पाच वर्षे राहिला, तिथले पाणी प्यायला, तिथला पावसाळा सोसला आणि परत येऊन त्याने जे लिहिले त्यामुळे नेदरलंड्स आणि भारत या दोन्ही देशांचा इतिहास बदलला. त्याचे नाव यान हाउखेन फान लिन्सखोतेन.

यानचा जन्म 1563 च्या सुमारास हार्लेम येथे झाला. लिन्सखोतेन हे उत्रेख्त प्रांतातले एक गाव, त्यावरून हे आडनाव आले. तो लहान असतानाच कुटुंब एन्कहाउझेन या बंदरात राहायला गेले. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याविरुद्ध डच प्रांतांनी बंड पुकारले होते. एन्कहाउझेनने 1572 मध्येच ऑरेंजच्या विल्यमचा पक्ष घेतला. हार्लेमला मात्र स्पॅनिश सैन्याचा वेढा पडला आणि 1573 मध्ये ते शहर पडले. यानच्या जन्मगावाची अशी दुर्दशा करणारा राजाच पुढे त्याचा अन्नदाता होणार होता.

एन्कहाउझेन हे खलाशांचे, हेरिंग मासळीचे आणि दूरदेशीच्या गप्पांचे गाव. प्रवासवर्णने वाचण्याचा यानला लहानपणापासून नाद होता. त्याचे दोन थोरले भाऊ स्पेनमध्ये सेव्हिल येथे व्यापारात होते. लढाई चालू असली तरी व्यापार थांबलेला नव्हता. सोळा-सतरा वर्षांचा असताना यान टेक्सेलहून निघणाऱ्या जहाजांबरोबर भावांकडे गेला. आधी कोणीतरी नातेवाईक पुढे गेलेला असावा, त्याच्या ओळखीने आपण जावे, भाषा शिकावी आणि मग आपली वाट शोधावी, ही रीत आपल्यालाही परिचयाची आहे. यान स्पॅनिश शिकला, मग लिस्बनला जाऊन पोर्तुगीज शिकला आणि एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला. 1580 मध्ये पोर्तुगालचे राज्यही फिलिपकडे आले. व्यापारात मंदी होती, साथीचे रोग होते. तेवढ्यात व्हिसेंते द फोन्सेका या डोमिनिकन धर्मगुरूची गोव्याचा आर्चबिशप म्हणून नेमणूक झाल्याची बातमी आली. भावाने खटपट केली आणि आर्चबिशपच्या लवाजम्यात यानला कारकुनाची जागा मिळाली.

8 एप्रिल 1583 रोजी जहाजे लिस्बनहून निघाली. आफ्रिकेला वळसा घालून, मोझांबिकला थांबून, 21 सप्टेंबरला ती गोव्याला पोचली. साडेपाच महिन्यांच्या या प्रवासानंतर वीस वर्षांचा यान मांडवीच्या काठावर उतरला. ज्याला आज आपण जुने गोवे म्हणतो ते तेव्हा पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याचे मुख्य शहर होते. सें कथीड्रलचे बांधकाम चालू होते. व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि इन्क्विझिशन ही तिन्ही सत्तास्थाने याच गावात होती.

नव्या शहरात गेलेला माणूस आधी पोटापाण्याच्या गोष्टी शिकतो. पाणी कुठले प्यावे, बाजार कधी भरतो, पैसा कसा मोजतात, आजारी पडलो तर कोणाकडे जावे. यानच्या पुस्तकात हे सारे बारकाईने आले आहे. शहराबाहेर बाणगिणीचा झरा होता. गुलाम माणसे तिथले पाणी घड्यांतून आणून घरोघर विकत. सरळ रस्त्यावर, म्हणजे रुआ दिरैतावर, सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ लिलाव चाले. अरबी घोडे, कापड, मसाले, मेलेल्या माणसांचे घरसामान आणि जिवंत माणसे, असे सर्व काही एकाच ठिकाणी विकले जाई. परदाव, तांग अशी नाणी होती आणि त्यांची पारख करणारे सराफ रस्त्याच्या कोपऱ्यावर बसत. सोनार, कापडवाले, गांधी, एकेका धंद्याची वेगळी आळी होती. आजारपणात तर व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतले पाद्री आपल्या देशबांधवांपेक्षा इथल्या हिंदू वैद्यांवर जास्त विश्वास ठेवतात, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. धर्माच्या बाबतीत इतक्या कडक असलेल्या शहरात नाडी दाखवायला मात्र वैद्यच लागे.

पावसाळ्याचे वर्णन त्याने केले आहे ते आपल्याकडच्या माणसाला लगेच ओळखू येईल. ढगांच्या गडगडाटासह पाऊस सुरू होतो, नदीच्या मुखाशी वाळू साचते, जहाजांची ये-जा बंद पडते आणि सप्टेंबरपर्यंत सारे शहर जणू दारे लावून बसते. नारळाच्या झाडापासून काय काय मिळते, विड्याचे पान कसे खातात, केळी, फणस, अननस कसे असतात, कैरीचे लोणचे कसे घालतात, हेही त्यात आहे. झाडपाल्याची पुष्कळ माहिती त्याने गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथावरून घेतली होती. तो ग्रंथ गोव्यातच 1563 मध्ये छापला गेला होता.

त्याचे डोळे तीक्ष्ण होते, पण ते त्याच्या काळाचे आणि त्याच्या धर्माचे होते. देवळांतल्या मूर्ती त्याला सैतानाच्या वाटल्या. गुलामांच्या विक्रीचे वर्णन त्याने केले, पण त्यांच्या दुःखात तो फार शिरला नाही. माडाची राखण करणारे, शेती करणारे, मासे धरणारे इथले लोक त्याच्या पानांवर आहेत, मात्र ते बहुतेक वेळा लांबून पाहिलेले आहेत. पालखीतून मिरवणारे आणि घरी गेल्यावर कर्जात बुडालेले पोर्तुगीज मात्र त्याने अगदी जवळून पाहिले होते आणि त्यांचे वाभाडे काढताना त्याने हात राखला नाही.

परदेशात आपल्याकडचा माणूस भेटला की मदतीला धावायचे, हा नियम यानने पाळला. 1583 च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे साथीदार, असे चार इंग्रज होर्मूझहून कैद करून गोव्याला आणले गेले. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत यान होता आणि त्याच्याबरोबर होते फादर थॉमस स्टीफन्स. 1616 मध्ये राशोल येथे ज्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत छापले गेले तेच हे स्टीफन्स. मराठी भाषेच्या इतिहासातले इतके मोठे नाव आणि डच इतिहासातले इतके मोठे नाव एकाच गावात, एकाच कामासाठी एकत्र आले होते, ही गोष्ट आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. आपल्याच एन्कहाउझेनचा डिर्क खेरित्स पोम्प हा तोफची यानला गोव्यात भेटला. तो चीन आणि जपानपर्यंत जाऊन आला होता आणि गावात त्याला डिर्क चायना म्हणत. त्याच्याकडून यानने पूर्वेकडच्या समुद्राची माहिती काढून घेतली.

आर्चबिशपच्या दफ्तरात बसणाऱ्याच्या हाताखालून बरेच कागद जात. मिरी कुठून, किती आणि काय भावाने येते, जहाजे कोणत्या महिन्यात निघतात, कोणत्या खडकापासून सावध राहायचे, कोणत्या किल्ल्यात शिबंदी कमी आहे, अशी माहिती त्या शहरात बोलण्यात येई आणि कागदावरही असे. पोर्तुगीज ही माहिती बाहेरच्यांना कळू देत नसत. यानने ती जमवली. सोळा-सतराव्या वर्षी घर सोडलेला हा मुलगा हेरगिरीचा बेत आखून निघाला होता असे त्याच्या आयुष्यक्रमावरून दिसत नाही. त्याला जग पाहायचे होते आणि पाहिलेले लिहून ठेवायची सवय होती. पण ज्या घरचे अन्न तो खात होता त्या घराचे आणि त्याच्या मायदेशाचे युद्ध चालू होते, हे तो विसरणे शक्य नव्हते.

1587 च्या आरंभी आर्चबिशप राजाला भेटण्यासाठी पोर्तुगालला निघाले आणि वाटेतच समुद्रात वारले. ही बातमी गोव्याला पोचायला 1588 चा सप्टेंबर उजाडला. मालक गेला, नोकरीचा आधार गेला. यानने परतायचे ठरवले. फुगर आणि वेल्झर या जर्मन घराण्यांच्या मिऱ्याच्या व्यापाराचे काम त्याला मिळाले आणि 1589 च्या जानेवारीत कोचीनहून त्याचे जहाज सुटले. अझोर बेटांपैकी तेर्सेरा येथे मलाक्काहून आलेले एक जहाज वादळात बुडाले. त्यातला माल वर काढण्याच्या कामात यानची दोन वर्षांहून जास्त वर्षे गेली. 3 सप्टेंबर 1592 रोजी तो एन्कहाउझेनला आपल्या घरी पोचला.

घरी परतणे हेही एक स्थलांतरच होते. मुलगा म्हणून गेलेला तो तिशीच्या उंबरठ्यावर परतला. गावात बर्नार्डस पालुदानस नावाचे विद्वान डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे देशोदेशीच्या दुर्मिळ वस्तूंचा मोठा संग्रह होता. त्यांच्या सोबतीने यान लिहायला बसला. मधल्या काळात, 1594 आणि 1595 मध्ये, उत्तरेकडून चीनला जाण्याची वाट शोधणाऱ्या मोहिमांतही तो गेला. त्याच मोहिमांत विलेम बारेन्त्स होता. बर्फाने वाट अडवली आणि ती आशा सुटली.

मग दक्षिणेची वाट उरली. ॲमस्टरडॅमचा प्रकाशक कॉर्नेलिस क्लास याने यानच्या पुस्तकाचा जलमार्गांविषयीचा भाग 1595 मध्ये आधी छापला. त्याच वर्षी कॉर्नेलिस दे हाउटमनची चार जहाजे पूर्वेकडे निघाली होती आणि त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो घाईने काढला गेला. पोर्तुगीजांच्या ताब्यातली मलाक्काची सामुद्रधुनी टाळून सुंदाच्या सामुद्रधुनीतून जावे, हा त्यातला सल्ला मोलाचा ठरला. 1596 मध्ये इतिनेरारिओ हे संपूर्ण पुस्तक नकाशे आणि चित्रांसह बाहेर आले. गोव्याचा नकाशा आणि सरळ रस्त्यावरच्या लिलावाचे चित्र आजही इतिहासाच्या पुस्तकांत दिसते. 1598 मध्ये इंग्रजी आणि जर्मन भाषांतरे झाली, पुढच्या वर्षी लॅटिन. एका कारकुनाच्या टिपणांनी पोर्तुगीजांचे शतकाचे गुपित सर्वांच्या हाती दिले.

1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या सहा शाखांपैकी एक एन्कहाउझेनची होती. पुढे डचांनी गोव्याची नाकेबंदी केली, 1637 मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली, 1641 मध्ये मलाक्का आणि 1663 मध्ये कोचीन पोर्तुगीजांकडून घेतले. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे पडके अवशेष आजही उभे आहेत. त्याच कंपनीने 1621 मध्ये जायफळासाठी बांदा बेटांवरच्या लोकांची कत्तल केली. यान तोपर्यंत जिवंत नव्हता आणि त्या रक्ताचा जाब एकट्या पुस्तकाला विचारणे रास्त होणार नाही. तरीही माहितीबरोबर जबाबदारी येते, हे त्याचे चरित्र वाचताना डोळ्याआड करता येत नाही. गोव्याने त्याला नोकरी दिली, वैद्य दिले, मित्र दिले. त्याने गोव्याला जगाच्या नकाशावर ठळक केले आणि त्याच नकाशावरून गोव्याचे शत्रू चालून आले.

स्वतः यानने पुन्हा पूर्वेला जायचे नाव काढले नाही. त्याने लग्न केले, एन्कहाउझेन शहराच्या खजिनदाराचे काम पाहिले, आकोस्ताच्या अमेरिकेविषयीच्या ग्रंथाचे डच भाषांतर केले. 8 फेब्रुवारी 1611 रोजी, पन्नाशीही न गाठता, तो वारला. त्याच्या नावाने 1908 मध्ये स्थापन झालेली संस्था आजही जुनी डच प्रवासवर्णने छापते.

ॲमस्टरडॅमहून आगगाडीने तासाभरात एन्कहाउझेनला जाता येते. बंदराच्या तोंडाशी ड्रोमेदारिसचा बुरूज आहे. यान घर सोडून गेला तेव्हाही तो होता. जवळच जुन्या मिरीच्या वखारीत झाउदरझे संग्रहालय आहे. मुलांना तिथे जरूर न्यावे. ट्यूलिप आणि पवनचक्क्या त्यांना शाळेत कळतातच. या गावातला एक मुलगा आपल्या किनाऱ्यावर राहून गेला, त्याने आपल्या आजीच्या लोणच्यासारख्याच लोणच्याची हकिकत डच भाषेत लिहिली आणि त्या लिखाणाचे बरेवाईट परिणाम दोन्हीकडच्या लोकांनी भोगले, ही गोष्ट मात्र त्यांना आपणच सांगायला हवी. इथले होताना तिथले काय जपायचे आणि तिथले सांगताना कोणाच्या हाती काय द्यायचे, हे प्रश्न त्याच्याही पुढे होते आणि आपल्याही पुढे आहेत.