अक्षरशत्रूंचा मित्र : ओटो नॉयराट

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

माझी आई अक्षरशत्रू आहे. हा शब्द मी शाळेत शिकले तेव्हाच मला तो खटकला होता. आईने उभ्या आयुष्यात कोणाशी शत्रुत्व केले नाही. अक्षरांशी तर तिची साधी तोंडओळखही कोणी करून दिली नाही! आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणूनच अर्थशास्त्राच्या तासाला चित्रालेख शिकवताना सरांनी जाता जाता ओटो नॉयराट हे नाव घेतले आणि ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी हा माणूस आयुष्यभर झटला असे सांगितले, तेव्हा माझे कान टवकारले. ग्रंथालयात बसून मी त्यांचा शोध घेतला. त्या शोधात जो माणूस मला भेटला, त्याची ही जीवनकथा.

ओटो नॉयराट यांचा जन्म १० डिसेंबर १८८२ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी झाला. वडील विल्हेल्म हे अर्थशास्त्राचे अध्यापक. घर पुस्तकांनी भरलेले. लहानगा ओटो त्या पुस्तकांतील चित्रे पाहण्यात तासन् तास रमून जाई. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीने तर त्याला भुरळच घातली. पुढे बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९०६ साली मिळवली. १९१२ मध्ये त्यांचा विवाह ओल्गा हान या गणिती विदुषीशी झाला. ओल्गा तरुणपणीच अंध झाल्या होत्या. डोळ्यांवाटे ज्ञान देण्याचा ध्यास घेणाऱ्या माणसाची सहधर्मचारिणी अंध असावी, या योगायोगापाशी मी कितीतरी वेळ थबकले. समोरच्याला काय दिसत नाही याचा विचार त्यांना घरातच करावा लागत असेल काय?

पहिले महायुद्ध संपले आणि १९१९ मध्ये नॉयराट म्युनिकला क्रांतिकारी सरकारच्या आर्थिक योजनेचे काम पाहू लागले. ते सरकार कोसळले. नॉयराट पकडले गेले, त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढे ऑस्ट्रियाच्या मध्यस्थीने सुटून ते मायदेशी परतले. त्या वेळी व्हिएन्नात अन्न नव्हते, घरे नव्हती. हजारो कुटुंबे शहराच्या कडेला मिळेल त्या जमिनीवर भाजीपाला पिकवीत होती, स्वतःच्या हातांनी घरे उभारीत होती. या लोकांच्या संघटनेचे चिटणीसपद नॉयराट यांनी पत्करले. नगरपालिकेला आणि शहरवासीयांना आपले म्हणणे पटवायचे, तर नुसती भाषणे पुरत नाहीत. म्हणून त्यांनी प्रदर्शने भरवली, नकाशे आणि तक्ते टांगले. या धडपडीतूनच १९२५ साली ‘सामाजिक व आर्थिक संग्रहालय’ उभे राहिले. पैसा दिला तो व्हिएन्नाच्या नगरपालिकेने, कामगार संघटनांनी आणि विमा संस्थांनी.

या संग्रहालयात राजामहाराजांच्या तलवारी नव्हत्या. शहरात किती बालके दगावतात, क्षयाने किती माणसे जातात, कोणाला किती मजुरी मिळते आणि घरे किती बांधली गेली, हे तिथे भिंतींवर मांडलेले असे. दिवसभर राबणाऱ्याला यायला सवड मिळावी म्हणून संध्याकाळीही दारे उघडी असत.

संग्रहालयाची चित्रशाळा हे त्याचे खरे काळीज. तिथले काम कसे चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. संख्याशास्त्रज्ञ आकडे आणीत. ते मारी रायडेमायस्टर या तरुणीच्या हाती येत. यातले सांगण्याजोगे काय, गाळायचे काय, कशाशेजारी काय ठेवले म्हणजे अर्थ उलगडेल, हे ती ठरवी आणि कच्चा आराखडा काढी. मग गेर्ड आर्न्ट्स हा चित्रकार लिनोलियमवर माणूस, घर, पाळणा अशी साधी, ठसठशीत चिन्हे कोरी. एका चिन्हाची किंमत ठरलेली. संख्या वाढली तर चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह पुन्हा पुन्हा काढायचे, हा तिथला पहिला नियम.

हा नियम वाचला आणि मला माझी फजिती आठवली! गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर माझ्याच गावी भरले होते. उन्हाळ्यात गावठाणात घरामागे रोज आठ हंडे पाणी मिळते आणि आमच्या वस्तीत दोन, एवढे आम्ही घरोघर फिरून शोधून काढले. मग मोठ्या हौसेने तक्ता केला. गावठाणासाठी भला थोरला हंडा, वस्तीसाठी इवलासा. शेजारची आजी तो तक्ता बराच वेळ न्याहाळत राहिली आणि एवढा थोरला हंडा डोक्यावर घेणार कोण, असे तिने मला विचारले. मुली खो खो हसल्या, मीही हसले. पण अडाणी आजी नव्हती, अडाणी माझा तक्ता होता. हे मला नॉयराट यांनी शिकवले.

सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. फेब्रुवारी १९३४ मध्ये व्हिएन्नातील समाजवादी चळवळ बंदुकीच्या बळावर चिरडली गेली. नॉयराट तेव्हा मॉस्कोत होते, म्हणून बचावले. ते व्हिएन्नाला परतलेच नाहीत. हॉलंडमध्ये हेग येथे त्यांनी नव्याने संसार आणि चित्रशाळा मांडली. १९३५ मध्ये मारीने या चित्रभाषेला ‘आयसोटाइप’ हे नाव दिले. अमेरिकेतील राष्ट्रीय क्षयरोग संघटनेसाठी त्यांनी फिरते प्रदर्शन तयार केले. रोग कसा पसरतो, कसा टाळता येतो, हे सामान्य माणसाला चित्रांतून कळावे हा त्याचा हेतू. १९३७ मध्ये ओल्गा निवर्तल्या. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या, तेव्हा नॉयराट आणि मारी माणसांनी खचाखच भरलेल्या एका होडीतून समुद्रात निघाले. ब्रिटिश युद्धनौकेने त्यांना उचलले खरे, पण शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्लंडात ते दोघे नजरकैदेत पडले! १९४१ मध्ये सुटका होताच त्यांनी विवाह केला आणि पुढच्या वर्षी ऑक्सफर्डला आयसोटाइप संस्था काढली. १९४५ मध्ये बिल्स्टन या गावाने झोपडपट्ट्या हलवून नवी घरे बांधण्याच्या कामी त्यांचा सल्ला घेतला. ते काम चालू असतानाच २२ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. मारी यांनी चित्रशाळा बंद पडू दिली नाही. १९५० नंतरच्या दशकात त्या पश्चिम नायजेरियात गेल्या आणि तिथल्या लोकांसाठी आरोग्य, शेती व मतदानावर पुस्तिका केल्या. युरोपातली चिन्हे तिथे जशीच्या तशी चालेनात, म्हणून त्यांनी ती बदलली.

नॉयराट यांचे सारेच मला पटले असे नाही. जगातील माणसे दाखवताना त्यांच्या तक्त्यांत कातडीचा रंग, टोपी आणि पागोटे यांवरून वंश ओळखायचे. आज ते डोळ्यांना खुपते. १९३१ पासून मॉस्कोत त्यांनी सोव्हिएत सरकारसाठीही काम केले. तिथे त्यांची पद्धत सत्तेच्या योजनांचे गोडवे गाण्यासाठी वापरली गेली. चित्र निरक्षराला शहाणे करू शकते, तसेच फसवूही शकते. चिन्हे मोजणारा हात कोणाचा, हे विचारलेच पाहिजे.

तरीही मी त्यांची ऋणी आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी मी तक्ता पुन्हा काढला. या वेळी सारे हंडे एकाच आकाराचे. वरच्या ओळीत आठ, खालच्या ओळीत दोन. एकही अक्षर लिहिले नाही. वरच्या ओळीशी गावठाणातले देऊळ काढले, खालच्या ओळीशी आमच्या वस्तीची चिंच. सभेत आई नेहमीप्रमाणे मागे बसली होती. ती उठली, तक्त्यापाशी आली, बोटाने हंडे मोजले. मग डोक्यावरचा पदर सावरून, चिंचेपुढे दोनच हंडे का, असे तिने सरपंचांना सर्वांदेखत विचारले. त्यांना लगेच उत्तर देता आले नाही. आजवर आईला सभेत बोलताना मी कधीच पाहिले नव्हते.

नळ अजून आलेला नाही. पण प्रश्न विचारला गेला आहे, आणि तो माझ्या आईने विचारला आहे. दूरदेशीच्या त्या अक्षरशत्रूंच्या मित्राला याहून वेगळी आदरांजली मी काय वाहणार?