पाशाचा मुलगा नट झाला : युसूफ वहबी

मुलगा इंजिनिअर व्हावा असे ज्यांना वाटते त्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. इजिप्तच्या फय्यूम प्रांतातील अब्दुल्ला पाशा वहबी हे पाटबंधारे खात्यातील बडे अधिकारी. 1898 च्या सुमारास जन्मलेला त्यांचा मुलगा युसूफ मात्र नाटकाच्या नादी लागला. त्या काळी खानदानी घरात नटाला मान नव्हता. चिडलेल्या वडिलांनी त्याला घराबाहेर काढले आणि सुधारावा म्हणून शेतकी शाळेत घातले. तो सुधारला नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर त्याने थेट इटली गाठली आणि तेथे अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले.

वडिलांच्या निधनानंतर तो कैरोला परतला. वारशाने मोठी रक्कम हाती आली होती. ती त्याने नाटक मंडळीत घातली. आपल्याकडे कुणी असे केले तर सारा मोहल्ला कपाळावर हात मारील! 1923 साली अझीझ ईद यांच्या साथीने त्याने ‘रामसेस’ नाटक मंडळी उभी केली. खेळ ठरल्या वेळी सुरू व्हायचा, प्रेक्षागृहात धूम्रपानाला मनाई असायची. लोकांना ही शिस्त नवीन होती. अमीना रिझ्क यांच्यासारखी अभिनेत्री याच मंडळीत घडली.

1926 साली त्याच्यापुढे मोठी कसोटी आली. एका परदेशी कंपनीने चित्रपटात हजरत मुहंमद पैगंबर (सल्ल.) यांची भूमिका करण्याबद्दल त्याला विचारले आणि त्याने होकार दिला. बातमी फुटताच इजिप्तभर संताप उसळला. अल-अझहरच्या उलेमांनी तीव्र विरोध केला. राजे फुआद यांनी तर देशाबाहेर घालवण्याची व नागरिकत्व काढून घेण्याची तंबी दिली. युसूफने माघार घेतली आणि तसे जाहीर केले. धाकामुळे की चूक पटल्यामुळे, हे आपण ठरवा. वडिलांपुढे जो नमला नाही, तो येथे नमला एवढे खरे.

चित्रपटाची वाट मात्र त्याने सोडली नाही. 1930 चा मूकपट ‘झैनब’ त्याच्याच कंपनीने काढला. पुढे 1932 साली ‘अवलाद अझ्झवात’, म्हणजे बड्या घरची मुले, हा इजिप्तचा पहिला बोलपट आला. बायकोला टाकून फ्रेंच बाईमागे लागलेल्या श्रीमंताची ती गोष्ट. पाशाच्या मुलाने आपल्याच वर्गाचे वाभाडे काढले! 1944 साली ‘गराम व इंतिकाम’चे चित्रण चालू असताना नायिका, गायिका अस्महान, मोटार कालव्यात पडून बुडून मरण पावली. त्याने कथेचा शेवट बदलून चित्रपट पुरा केला. हा चित्रपट पाहून राजे फारूक यांनी त्याला ‘बे’ हा किताब दिला. ज्या धंद्यापायी घरातून हकालपट्टी झाली, त्याच धंद्याने दरबारी मान मिळवून दिला.

जन्मभर धीरगंभीर, कधी कधी अंमळ भडकच शोकनाट्ये करणाऱ्या या नटाने 1960 च्या ‘इशाअत हुब्ब’मध्ये लोकांना पोट धरून हसवले. 1979 साली, ऐंशीच्या घरात असताना, युसूफ शाहीन यांच्या ‘अलेक्झांड्रिया... का?’ या चित्रपटात एका ज्यू वृद्धाच्या भूमिकेत तो दिसला. 17 ऑक्टोबर 1982 रोजी कैरो येथे त्याचे निधन झाले. फय्यूममध्ये एका कालव्याला अब्दुल्ला वहबींचे नाव आहे. पण इजिप्तमध्ये वहबी म्हटले की लोकांना आठवतो तो युसूफच.