दोन रेघा आखणाऱ्या सेंडाबाई

आपल्या गुरुजनांच्या आठवणी या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. मी अशा एका बाईंबद्दल लिहिते आहे, ज्यांनी आपल्यापैकी कोणालाच शिकवले नाही, पण ज्यांच्यामुळे कॉलेजातल्या मुलींच्या हाती बास्केटबॉल आला. त्यांचे नाव सेंडा बेरेन्सन.

जन्म 1868 चा, लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातला. सातव्या वर्षी त्या घरच्यांबरोबर अमेरिकेत बॉस्टनला आल्या. थोरला भाऊ बर्नार्ड पुढे कलासमीक्षक म्हणून गाजला. सेंडा मात्र लहानपणापासून अशक्त. पियानो शिकत होत्या, तो पाठीच्या दुखण्यापायी सोडावा लागला. तब्येत सुधारावी म्हणून 1890 मध्ये त्यांनी व्यायामशिक्षणाच्या संस्थेत नाव घातले. सुरुवातीला फार वेळ उभेही राहवत नसे आणि व्यायामाचा तर कंटाळाच. पण हळूहळू पाठ सावरली आणि हाच त्यांचा पेशा झाला.

जानेवारी 1892 मध्ये त्या नॉर्दॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात रुजू झाल्या. हे कॉलेज फक्त मुलींचे. धावपळ मुलींना सोसत नाही, असा त्या काळी सर्रास समज होता आणि एकसुरी कवायतीत मुलींचे मन रमत नव्हते. जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये एक नवा खेळ शोधून काढला होता. त्याबद्दल बाईंनी वाचले आणि तो आपल्या मुलींना शिकवला.

मार्च 1893 मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांना प्रवेश नव्हता. मैत्रिणी आपापल्या वर्गाचे रंग मिरवत, गाणी म्हणत हजर होत्या. बाईंनी चेंडू वर उडवला आणि पहिल्याच झटापटीत एका कर्णधाराचा खांदा निखळला. तरी सामना थांबला नाही.

मुलींचा खेळ टिकायचा तर टीकाकारांना बोट ठेवायला जागा नको, हे बाईंनी ओळखले. त्यांनी मैदानावर दोन रेघा आखून त्याचे तीन भाग केले. खेळाडूने आपला भाग सोडायचा नाही, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही, तो तीन सेकंदांहून जास्त धरून ठेवायचा नाही आणि तीनदाच टप्पा द्यायचा. 1901 मध्ये त्यांनी संपादित केलेले नियमांचे पुस्तक निघाले आणि 1905 ते 1917 त्या महिला बास्केटबॉल समितीच्या अध्यक्ष होत्या. 1911 मध्ये इंग्रजीचे प्राध्यापक हर्बर्ट ॲबट यांच्याशी लग्न झाल्यावर त्यांनी स्मिथ कॉलेज सोडले, पण दुसऱ्या एका शाळेत 1921 पर्यंत व्यायामशिक्षण चालू ठेवले. 1954 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

आज कोणी म्हणेल, बाईंनी मुलींना जखडून ठेवले. त्यात तथ्य आहे. वर्गावर्गांत सामने व्हावेत, पण दुसऱ्या कॉलेजांशी चुरस नको, हेही त्यांचेच मत. पण त्या रेघा नसत्या तर पालकांनी आणि कॉलेजांनी हा खेळ मुलींना खेळू दिला असता का? मला शंका आहे.

माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात हे नेहमी दिसते. एखाद्या अडचणीपुरता घातलेला नियम अडचण संपली तरी राहून जातो, कारण तो का घातला होता हे विचारणारे कोणी उरत नाही. बाईंच्या तीन भागांचे दोन व्हायला 1938 उजाडले आणि अमेरिकेत मुलींना पूर्ण मैदान मिळाले ते 1971 मध्ये. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल 1936 ला आले, स्त्रियांचे 1976 ला. 1985 मध्ये स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदा स्त्रियांना स्थान मिळाले, त्या तिघींत सेंडाबाई होत्या.

आपल्याकडे कबड्डीत मुलांचे मैदान 13 बाय 10 मीटर, मुलींचे 12 बाय 8. भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात लहानाच्या मोठ्या झालेल्या आपण मुली त्या चौकटीत जीव तोडून खेळलो, पण ती लहान का, हे कधी विचारले नाही. आपल्या लेकी विचारतील, आणि त्यांनी विचारावेच. फक्त मैदानात पहिले पाऊल टाकायला ज्यांनी जागा करून दिली, त्या बाईंना आणि आपल्या सर्व क्रीडाशिक्षकांना आधी एक नमस्कार करू या.