मुंबईसाठी देशाच्या अर्थमंत्र्यानं राजीनामा दिला, तेव्हा बुलढाणा नेमका कुठल्या राज्यात होता?

बुलढाण्यात १९५५ साली जन्मलेल्या माणसाचा जन्म मध्य प्रदेशातला. तो शाळेत जायच्या आत त्याचं राज्य दोनदा बदललं. कागदावर तर त्याहून जास्त वेळा! हा सगळा गोंधळ ज्या निर्णयामुळे झाला, त्यातच भारताचा अर्थमंत्री खुर्ची सोडून गेला. त्यांचं नाव चिंतामणराव देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख.

जन्म १८९६चा, महाडजवळच्या नाते गावचा. मॅट्रिकला पहिले, मग केंब्रिज, मग आयसीएस परीक्षेतही पहिले. कोकणातल्या या माणसाच्या नोकरीची पहिली वीसेक वर्षं गेली ती मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे बुलढाणा ज्या प्रांतात होता तिथे. १९४३मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५०मध्ये अर्थमंत्री. १९५२ला कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले, पण आंदोलनं करून पुढे आलेले पुढारी ते नव्हतेच. मुरलेले प्रशासक होते.

आता मूळ भांडण. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५मध्ये जाहीर झाला. मराठी-गुजराती मिळून एक द्विभाषिक मुंबई राज्य आणि आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य, अशी त्याची शिफारस होती. बुलढाणा त्या आठांपैकी एक. हे मुंबईकडच्या मराठी नेत्यांना मान्य नव्हतं. पुढे काँग्रेसनं नवं सूत्र आणलं: विदर्भासह महाराष्ट्र, वेगळा गुजरात आणि मुंबई शहर स्वतंत्र. म्हणजे बुलढाणा महाराष्ट्रात, पण मुंबई बाहेर. १६ जानेवारी १९५६ला पंडित नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्रशासित होणार असल्याचं जाहीर केलं. शहर पेटलं, गोळीबार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या संपूर्ण लढ्यातल्या हुतात्म्यांची संख्या १०६ सांगितली जाते.

देशमुखांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. नेहरूंनी तो लगेच स्वीकारला नाही. गंमत म्हणजे याच जानेवारीत आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा देशमुखांनीच रेडिओवरून केली होती (आजची एलआयसी त्यातूनच उभी राहिली), आणि फेब्रुवारीतलं बजेटही त्यांनीच मांडलं. ज्या सरकारचा एक निर्णय पटत नाही, त्याच सरकारचा हिशेब हा माणूस संसदेत मांडत होता.

दरम्यान पुनर्रचना विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं. मुंबईचं काय, यावर गाडी अडलेलीच होती. महाराष्ट्रातल्या काँग्रेस खासदारांची पक्की कोंडी झाली होती. पक्षाचं ऐकावं तर मतदारसंघात तोंड दाखवायची सोय नाही. काकासाहेब गाडगीळांनी लोकसभेत स्वपक्षालाच खडे बोल सुनावले.

जुलैअखेर देशमुखांनी मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत निवेदन केलं. आरोप गंभीर होते. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होताच जाहीर झाला आणि गोळीबाराची चौकशीही टाळली गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. नेहरूंनी पहिला आरोप फेटाळला. पण भाषेच्या वादाइतकाच आता आणखी एक प्रश्न उभा राहिला होता: एवढा मोठा निर्णय पंतप्रधान एकटे घेऊ शकतात का? मराठी अस्मितेच्या आठवणीत देशमुखांचा हा मुद्दा बराचसा मागे पडला आहे, आणि ते योग्य नाही.

मग पारडं फिरलं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अनेक खासदारांनी मधला मार्ग सुचवला: गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ आणि मुंबई, सगळं एकाच मोठ्या राज्यात. लोकसभेनं तो मान्य केला. मुंबई केंद्रशासित होण्याचं टळलं, पण हवं ते कुणालाच मिळालं नाही. अहमदाबादेत लगेच महागुजरात आंदोलन भडकलं. वेगळ्या विदर्भाची मागणीही तशीच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ला बुलढाणा मध्य प्रदेशातून निघून या द्विभाषिक राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात.

देशमुख मंत्रिमंडळात परतले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, तिसरे आले. कालिदासाचं मेघदूतही त्यांनी मराठीत आणलं होतं. २ ऑक्टोबर १९८२ला हैदराबादेत त्यांचं निधन झालं.